टेलिफोनताईंचा न फुगवलेला आकडा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात बजेट मागण्याची एक सभ्य रीत होती. ज्याला शंभर लागत तो दीडशे लिहायचा. हिशेब खात्याचे प्रमुख त्यातले एक तृतीयांश कापायचे आणि शंभर उरायचे. मागणाऱ्याला चातुर्याचं समाधान, कापणाऱ्याला काटकसरीचं, आणि आपल्याकडे शिस्त आहे याचं मालकीणबाईंना. या प्रमुखांना सगळे मागून ‘कात्री’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि फारसं वाईटही वाटत नसे. कापण्यापूर्वी कागद वाचायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती.

ही रीत मोडली टेलिफोनताईंनी.

ताई कारखान्यात लागल्या तेव्हा ऑपरेटर होत्या. आलेला फोन योग्य माणसाला जोडून द्यायचा आणि अयोग्य माणसाला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायचं. पुढे फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेले, फोन जोडायचा बोर्ड भंगारात गेला आणि कॉम्प्युटर आले. त्यांच्या वायरी कुठून कुठे जातात हे कुणालाच उमगेना. ज्या भिंतींतून फोनच्या वायरी जात त्याच भिंतींतून याही जात होत्या, आणि त्या भिंती ताईंना पाठ होत्या. तेव्हा नेटवर्क त्यांच्या गळ्यात पडलं. बाकीचं त्या माहितीपुस्तकं वाचून आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसांचं डोकं खाऊन शिकल्या. बावीस वर्षांत पद बदललं, नाव तेच राहिलं. जागा मिळाली जिन्याखाली. तिथे नेटवर्कचं कपाट मावलं, ताई मावल्या, खुर्ची बाहेर राहिली.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा बजेट दिलं, तेही अजाणतेपणी खरं. शंभर लागत होते, शंभर लिहिले. सहासष्ट मिळाले. ताईंनी भागवून घेतलं. स्विच नवे घेतले, डिस्पॅचच्या शेडपर्यंतची वायर जुनीच ठेवली. ऐन गर्दीच्या आठवड्यात ती वायर मेली. लेबलं छापायची थांबली आणि दोन दिवस भरलेली खोकी बिननावाची पडून राहिली. त्या महिन्याच्या इतिवृत्तात नोंद झाली: ‘नेटवर्क विभागाचा हलगर्जीपणा.’ विभागात ताई एकट्याच होत्या, त्यामुळे हलगर्जीपणा कुणाचा यावर चर्चा झाली नाही.

यंदा सगळंच बदलायला आलं होतं. ताईंनी महिनाभर कारखाना पालथा घातला, वायरी मीटरने मोजल्या, तीन दुकानांतून भाव आणले. रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी विचारलं, “किती लिहिणार?”

“लागतं तेवढं.”

सासूबाईंनी बाजारात तीस वर्षं कापड विकलं होतं. त्यांचा घास हातातच राहिला. “अगं, शंभर सांगितले की साठ हातात पडतात.”

“मला शंभरच लागतात, आई.”

“मग दीडशे सांग.”

“ते खोटं होईल.”

“खोटं कसलं? घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक. लबाडी कळलेली असली की तिला व्यवहार म्हणतात.”

“मग एकदा खरं सांगून बघते. तोही व्यवहारच.”

“बघ बाई. हात दाखवून अवलक्षण,” म्हणून सासूबाईंनी वरण वाढून घेतलं.

बजेटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी कात्री स्वतः जिन्याखाली आले. ताईंचा कागद हातात होता.

“ताई, हे काय आहे?”

“बजेट.”

“ते दिसतंय. यात हवा कुठेय?”

“हवा नाही. वायरी आहेत, स्विच आहेत, बॅटऱ्या आहेत.”

कात्रींनी आवाज खाली आणला. “असं करा, दीडपट करून आणा. मी कापतो. तुम्हाला हवं ते मिळेल, माझंही काम होईल.”

माणसाने स्वतःच्या हाताने कापता यावं म्हणून दुसऱ्याला वाढवायला सांगावं, हे ताईंनी पहिल्यांदा ऐकलं. “म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं दोघांनी मिळून लपवायचं.”

“तुमचा कागद न कापता गेला तर उद्या सगळे खरं लिहायला लागतील. मग मी काय करू?”

“वाचा.”

कात्रींना ते लागलं. “मी कापणार. उरेल त्यात भागवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत.”

“मागच्या वेळी भागवलं. पाय उघडे पडले ते माझे. या वेळी कापलंत तर मी एक पैसा घेणार नाही.”

“मग बाहेरच्या कंपनीला काम देतील. बावीस वर्षांची नोकरी जाईल, ताई.”

“जाऊ दे,” ताई म्हणाल्या. त्यांनी हात पुन्हा वायरींच्या गुंत्यात घातले.

बैठकीत कात्रींनी शब्द पाळला. एक तृतीयांश कापून कागद पुढे सरकवला. ताई उठल्या, कागद उचलला आणि म्हणाल्या, “मॅडम, माझी मागणी शून्य धरा.”

मालकीणबाईंनी चष्मा काढला. “रागावलात?”

“नाही. पूल दोन तृतीयांश बांधला तर त्याला पूल म्हणत नाहीत. आणि पाण्यात पडलेल्याचा हलगर्जीपणा म्हणून नोंद होते.”

“मग मला बाहेरची माणसं बोलवावी लागतील.”

“बोलवा. भिंती दाखवीन.”

स्टोअरचे प्रमुख आपला दीडपट कागद मांडीवर पालथा ठेवून बसले होते.

बाहेरच्यांना नेमकं कोणतं काम द्यायचं हे आधी बघायला हवं, म्हणून दुपारी मालकीणबाई जिन्याखाली आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कागद द्या. बघू काय काढता येतं.”

पेन उघडून त्या ओळीओळीने खाली येत गेल्या. “ही वायर?”

“डिस्पॅचची. मागच्या वेळी यादीतून काढली होती.”

पेन पुढे सरकलं. “ही बॅटरी?”

“वीज गेली की पगाराचा कॉम्प्युटर हिच्यावर चालेल.”

पेन आणखी पुढे सरकलं, आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. “शिडी? नेटवर्कला शिडी कशाला?”

“छतापर्यंत पोचायला. सध्या खोक्यांवर चढते.”

“आपल्याच?”

“आपल्याच. म्हणून तर शिडी मागितली.”

मालकीणबाई हसल्या नाहीत. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग तो कपाटाच्या गरम पत्र्यावर टेकवून पूर्ण आकड्याखाली सही केली.

“पुढच्या वर्षीही असंच करणार?”

“काही लागलं तर,” ताई म्हणाल्या. “नाही लागलं तर कागदच देणार नाही.”