पाणी आहे म्हणून लिहून दिलं

सिंधु सोनकांबळे लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र चालवायची. तिचे निम्मे पेशंट उदगीरकडचे. गफूरचाचा शिलाईवाले त्यातलेच. आठवड्यातून दोनदा दोन तास एसटी, चार तास यंत्र, पुन्हा दोन तास एसटी. बायको आबेदा त्यांना कमरेला धरून गाडीतून उतरवायची.

उदगीरलाच दोन यंत्रं बसवा, म्हणून सिंधुने तिथल्या गुरुपादप्पा डॉक्टरांचा पिच्छा पुरवला. त्यांनी अर्ज केला, तो तीन वर्षं पडून राहिला. अडलं होतं पाण्याच्या दाखल्यावर. एका पेशंटला एका वेळी शेकडो लिटर पाणी लागतं, आणि एवढं पाणी मिळेल असं नगरपालिका लिहून देईना.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात नियम सैल झाला. दाखल्याची अट गेली. पाणी पुरेसं आणि शुद्ध आहे, एवढं तंत्रज्ञाने स्वतः लिहून दिलं की परवानगी. उदगीरच्या नळाला तेव्हा महिनाभर पाणी नव्हतं. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून चौकात उपोषणाचा मंडप लागला होता. तिथल्या उपोषणकर्त्यांनाही पाणी विकतच्या जारचं.

"सर, टँकरच्या भरवशावर मी कसं लिहू?" सिंधुने विचारलं.

"टँकर रोज येईल, मी बघतो. तू सही कर," डॉक्टर म्हणाले.

तरी तिने सही केली नाही. मग गफूरचाचाच आले. पायांवर सूज, बोलताना धाप.

"बेटी, लातूरचं जाणं आता झेपून नाही राहिलं. कर की सही."

सिंधुने सही केली.

यंत्रं बसली, ती चालवायला सिंधु उदगीरला आली. पहिले दहा दिवस नीट गेले. प्रत्येक टँकरचं पाणी ती स्वतः तपासून घ्यायची. अकराव्या दिवशी गफूरचाचा यंत्रावर असताना ड्रायव्हरने न सांगताच टाकीत टँकर रिकामा केला. सिंधुने लगेच पाणी तपासलं. त्यात ब्लीचिंग पावडर एवढी होती, की फिल्टरमधूनही क्लोरीन उतरत होतं. तसलं पाणी यंत्रात गेलं की रक्ताची नासाडी. तिने यंत्र तिथंच थांबवलं. चाचांचं रक्त वाचलं, पण डायलिसिस अर्धंच झालं.

दुसरा टँकर चार दिवस मिळाला नाही. "चाचा, जीप बोलावते, लातूरला चला," म्हणून ती रोज त्यांच्या दारात उभी राहायची. गफूरचाचा मान हलवायचे, "न्हाई." चौथ्या दिवशी त्यांचा श्वास लागला. तेव्हा जीप आणली, पण लातूर यायच्या आधीच ते गेले.

दफनानंतर सिंधु त्यांच्या घरी गेली. आबेदाने तिला आत घेतलं, बसायला सतरंजी दिली.

"तुम्ही बंद केलं नसतं, तर?" आबेदाने विचारलं.

"तर तिथंच गेले असते, चाची."

"हाव," आबेदा म्हणाली. पण तिने सिंधुकडे पाहिलं नाही.

सिंधुने नोकरी सोडली. आता ती किनवटच्या एका आश्रमशाळेत पोरींना गोळ्या-औषधं देते. लातूरच्या जुन्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तिने उचलला नाही.