ओल्या मातीत सुकणारी लिंबाची रोपं

मित्रांनो, सल्ला हवाय, म्हणून इथे लिहितोय.

रिहे गावात आमचं भाताचं खाचर आहे. वडिलांच्या मागे लागून मी यंदा त्यात भाताऐवजी लिंबाची रोपं लावली. काही दिवसांपासून दुपारी ती माना टाकत होती, म्हणून मी रोज पाणी सोडत होतो.

आज ऊन चढण्याआधीच पानं मलूल दिसली. घाबरून एक रोप उपटलं. माती चिंब ओली होती. मुळांना कुजका वास येत होता. बोटांत धरताच त्यांची साल सुटून आली आणि आत नुसता दोरा उरला. अशा मुळांनी झाड पाणी ओढणार कसं? पाण्यात उभं राहून ते तहानेनं मरत होतं.

वडील म्हणाले, "लिंबं पवायला लावलीस व्हय रं?" मग खाली वाकून माती चाचपत म्हणाले, "पानी जिरू नये म्हनून चिखल करून करून तळ घट्ट केलाय ह्येचा. मला बी आदी सुचलं न्हाई."

दुपारी आम्ही दोघांनी चर खोदून पाणी बाहेर काढलं. मोटर बंद आहे. पण आता बाकीची रोपंही मलूल दिसतायत. आई म्हणते, "तांब्याभर तरी घाल रं, बगवत न्हाई."

कुठल्या रोपाची मुळं शाबूत आहेत, हे वरून कळत नाही आणि सगळी उपटून बघता येत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाची अशी बाग वाचली असेल तर सांगा. डोळ्यांदेखत सुकणाऱ्या झाडाला पाणी न घालता तुम्ही कसे थांबलात?