नियम क्रमांक चार

आधीच सांगून टाकतो, यात शहाणपण पोरांचं आणि गाढवपणा सगळा माझा. हसायचं तर खुशाल हसा!

इंदिरानगरात आमची सोळा फ्लॅटची सोसायटी. मी कचेरीतून निवृत्त झालो आणि लोकांनी मला सेक्रेटरी केलं. आता जन्मभर परिपत्रकं काढलेला माणूस गप्प बसेल का? पार्किंगमध्ये पोरांचं क्रिकेट चालायचं. रोज नुसता आरडाओरडा! म्हटलं, यांना नियमच नाहीत, म्हणून गोंधळ.

"पोरांच्या खेळात नाक खुपसू नका हो," बायको म्हणाली.

ऐकतोय कोण! अकरा नियम टाइप केले, लॅमिनेट केले, वर सोसायटीचा शिक्का मारला आणि जिन्यापाशी टांगले. नियम चार : बाद म्हणजे बाद, सवलत कोणालाही नाही.

दुसऱ्या दिवशी ऐटीत खुर्ची टाकून बसलो. बॅटिंगला आली ओवी. वय वर्षं चार, बॅट तिला उचलवेना. पहिल्याच चेंडूवर दांडी गुल! पोरांनी बोर्डाकडे पाहिलं आणि तिच्या दादाने, सार्थकने, तिच्या हातातून बॅट काढून घेतली.

पोरगी रडलीसुद्धा नाही हो. पायरीवर जाऊन बसली आणि कुणी बोलावतंय का, ते बघत राहिली. मी खुर्चीतून उठलोच.

"अरे, खेळू द्या तिला! कच्चा लिंबू आहे ती!"

"आजोबा, नियम चार," सार्थक म्हणाला.

"एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

"कळत होतं की! म्हणूनच लिहिलं नव्हतं." हे मुक्ताचं. दहा वर्षांची, पण सगळ्या गँगची म्होरकी.

तरी सेक्रेटरीचा पीळ जातोय थोडाच? "म्हणजे नियम नकोतच का?"

"लागतात ना. रविवारी मागच्या बिल्डिंगची पोरं येतात, तेव्हा आम्ही खडूने भिंतीवर लिहितो. त्यांना ओवी माहीत नसते, आम्हाला त्यांची पद्धत माहीत नसते. नाही लिहिलं तर लय भांडणं होतात. पण घरात कुणी लिहितं का, की आजीला आधी वाढायचं म्हणून?"

उभा जन्म नियमांत गेला, पण हा नियम नेमका कुणासाठी लिहिलाय, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खरंच लाज वाटली. नियम चार तिथल्या तिथे रद्द केला आणि ओवीला हाताला धरून आणलं. तिसऱ्या चेंडूला तिची बॅट लागली, चेंडू जेमतेम चार पावलं गेला आणि सगळी पोरं ओरडली, "सिक्स!"

दोन दिवसांनी बायकोबरोबर भाजी घेऊन येतोय, तर बोर्डाखाली भिंतीवर खडूने नवी ओळ. 'नियम बारा : खेळ चालू असताना आजोबांनी नियम करू नयेत.'

"काय गं मुक्ता, हे लिहायची काय गरज होती?"

"तुम्हाला सांगून कळत नाही ना, आजोबा."

बायकोने ती ओळ दोनदा वाचली. मग भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि मुक्तापुढे हात पसरला.

"दे बरं तो खडू इकडे. मी मेली पस्तीस वर्षं तोंडानेच सांगत बसले!"