कपाटामागची दोन बोटं फट

कुवेंपुनगरातली ती पाटल्यांची फिर्याद अजून माझ्या मनातून जात नाही. याहून मोठे गुन्हे मी उघडकीस आणले, पण त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. हा आठवतो, कारण यात मी चुकलो.

फिर्यादी एक निवृत्त शिक्षिका, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. मुलाने जुनं न्हाणीघर नवं करून घेतलं होतं. तांब्याचा हंडा गेला, चूल गेली, भिंतीतला कोनाडा बुजवून फरशा लागल्या आणि त्याच जागी छातीइतक्या उंचीचं, मापाने बनवलेलं कपाट बसलं. दुसऱ्या दिवशी शनिवार. तेल लावून न्हायचं म्हणून बाईंनी सोन्याच्या पाटल्या उतरवल्या. न्हाऊन त्या पूजेला बसल्या, तेवढ्यात सुतार येऊन कपाटाची दारं बसवून गेला. दुपारी पाटल्या सापडेनात.

शेजारणीने खबर दिली की सुतार पिशवी काखेत मारून घाईघाईने जाताना दिसला. एवढं मला पुरलं. रविवारी सकाळी त्याच्या दुकानासमोर जीप उभी केली आणि सगळ्या गल्लीदेखत त्याला बसवून ठाण्यात आणलं.

चाळिशीचा, अबोल माणूस. घाई का होती, तर आई आजारी म्हणून गावाकडची, बेट्टदपुरची बस गाठायची होती. चौकशी केली, ते खरं निघालं. तरी माझा संशय हटला नाही. गरीब माणूस घाबरला की आपल्याला तो गुन्हेगार दिसू लागतो, हा आमच्या खात्याचा जुना रोग. दोन दिवस त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. तो कन्नडमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा: जुनी भिंत ओळंब्यात नाही, जराशी कललेली आहे, कपाटामागे दोन बोटं फट राहिली आहे, तिथे पट्टी ठोकायची बाकी आहे. हा विषय बदलतोय असं समजून मी ते जबाबात लिहूनच घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंचा जबाब पुन्हा वाचला. ‘पाटल्या नेहमीच्या जागी ठेवल्या.’ मी थबकलो. कालपरवा बनलेल्या न्हाणीघरात नेहमीची जागा आली कुठून? तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. सांगू नका, करून दाखवा, म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, नळ सोडला, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्या. “इथंच ठेवते की रे, चाळीस वर्षं. सुम्मने, उगाच काय विचारतोस?” असं म्हणत त्यांचा हात कपाटाच्या वर गेला आणि कोनाड्यात सारावं तशा त्यांनी बांगड्या आत सारल्या. बांगड्या कपाटामागे पडल्या. बाईंना ऐकू कमी येतं, त्यात नळ वाहत होता. आवाज फक्त मला आला.

कपाट काढायला सुतारालाच आणलं. त्याने एकेक स्क्रू जपून काढला, फरशीला ओरखडा येऊ दिला नाही. खाली भुशात पाटल्या आणि बांगड्या एकत्र पडल्या होत्या. बाई रडू लागल्या. त्याने कपाट परत बसवलं, राहिलेली पट्टी ठोकली आणि मग मला म्हणाला, “सार, जीपमधून आणलंत. जीपमधूनच सोडा. उतरून माझ्याशी दोन शब्द बोला, लोकांना दिसू द्या.”

मी सोडलं. त्याच्या दुकानात बसून कॉफी प्यालो. बाईही सोबत आल्या आणि गल्लीदेखत त्यांनी त्याची माफी मागितली. मला वाटलं, झालं, फिटलं.

त्यानंतर मी कुणाचाही जबाब घेताना, निरर्थक वाटलेलं वाक्यही लिहून घेत गेलो. खरं बोलणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा एकच वाक्य असतं आणि तेच आपल्याला कंटाळवाणं वाटतं.

निवृत्तीनंतर माझंही न्हाणीघर नवं करून घ्यायची वेळ आली. मी त्यालाच बोलावलं. तो आला, केस पिकलेले. फाटकाबाहेरूनच माझ्या बायकोला म्हणाला, “अम्मा, घरातलं सोनं आधी बँकेत ठेवून या. मग मी आत येतो.”

ती हसली. मला हसता आलं नाही. ती बँकेतून परत येईपर्यंत तो फाटकाबाहेर उन्हात उभा होता. मीही जाऊन त्याच्याजवळ उभा राहिलो.