चांगल्या आकड्यावर रुसलेल्या मॅडम

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, त्यामुळे पहिला संशय माझ्यावरच. अंधाऱ्या खोलीत त्यांचा इंटरफेरोमीटर मांडलेला असे. लेसरच्या एका झोताचे दोन करायचे, आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणायचे आणि वाटेत किती उजेड हरवला ते मोजायचं. मी जवळ गेलो की, "मामा, श्वास जरा तिकडं सोडा!" डोक्याला तेल लावून आलो तर त्या दिवशी आरशांपासून चार हात लांब. प्राचार्यांनाही त्यांनी चपला बाहेर काढायला लावल्या, तर ते देवळात आल्यासारखे हात जोडूनच उभे राहिले.

मॅडम मूळच्या चकलांब्याच्या. अस्वस्थ झाल्या की गावची बोली बाहेर यायची. एकदा मोजणीत उजेड जवळजवळ हरवतच नाही असं आलं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांचा फोन आला, प्रबंध लगेच पाठवा. प्राचार्यांनी सत्कार ठरवला. मॅडम मात्र डबा न उघडता बसून.

"चांगलं आलंय की, मॅडम!"

"लईच चांगलं आलंय, मामा. आपले आरसे एवढ्या गुणाचे न्हाईत."

प्रबंधाच्या मुदतीला दोन महिने उरले होते, तरी त्यांनी तो थांबवला. मग झोत हातानं अडवून बघितला, तर मीटर शून्यावर येईना! कुठून तरी चोरटा उजेड आत शिरत होता आणि हरवलेल्याची भरपाई करत होता. पांढरा कागद घेऊन आम्ही टेबलाची वीत न् वीत धुंडाळली. तिसऱ्या दिवशी सापडला: आरशाच्या स्टँडच्या पितळी स्क्रूवरून उडणारा एवढासा लाल ठिपका. त्याला काळा कागद चिकटवला. लेसर स्वतःच मंद झाला तर दोष आरशांच्या माथी नको, म्हणून त्याच्यावर वेगळा मीटर बसवला. मग दोन्ही मीटरांच्या जागा बदलून पुन्हा मोजणी. आकडे मीही वेगळे टिपायचे. "मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. तुमाला दिसतंय तेच लिहा." एकदा माझा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला नाही. दिवसभर तपासून त्यांनी स्वतःचा खोडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या डोळ्यांवर एवढा विश्वास कुणी ठेवला नव्हता.

अखेर हरवलेला उजेड पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. पण सकाळी तेवढाच, दुपारीही तेवढाच. मॅडमनी पेढे वाटले. ऑफिसातले क्लार्क गोंधळले, "नुकसान वाढलं अन् पेढे कामून?"

"आता ते खरं हाय म्हणून."

प्रबंध मुदतीत गेला. पुढं त्यांना पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. एसटी स्टँडवर सोडायला गेलतो. गाडी हलताना खिडकीतून म्हणाल्या, "मामा, तुमाला नुसतं राबवलं. हे सगळं नीट शिकवायचं राहून गेलं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या वयात शिकला असता व्हय?"

मी हात धुऊन ताटावर बसलो. शिकलो असतो.