दुसऱ्या वचनापासून

आमच्या घरी बायबल वाचलं जायचं ते आळीपाळीने. वचन म्हणजे अध्यायातलं आकडा घातलेलं एकेक वाक्य. एक वचन आई, एक वचन मी. आई मोठी म्हणून प्रत्येक अध्यायात पहिलं तिचं, दुसरं माझं, तिसरं पुन्हा तिचं. वडील होते तेव्हा पाळी तिघांत फिरायची. मी कॉलेजात असताना ते गेले आणि पाळी दोघींवर आली. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारणारे नातेवाईक हळूहळू थकले, आणि कोपर स्टेशनजवळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघी आणि संध्याकाळी साडेसातचं बायबल अशी घडी बसली ती तीस वर्षं.

घडी बसली म्हणजे आईची बसली. मी मानपाड्याच्या एका कारखान्यात ऑफिसला होते, अजून आहे. दिवसभर साहेबांची बोलणी खाऊन आलेल्या बाईला बायबलातल्या वंशावळ्या वाचायला लावणं हा छळ आहे, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवायचे. पोटात कावळे ओरडत असायचे. माझं वचन लांबलचक निघालं की मी त्यातली अर्धी नावं गिळायचे. आई चष्म्यावरून बघायची, बोलायची काही नाही. तिचं वचन मात्र ती सावकाश, एक अक्षर न सांडता वाचायची. तेवढ्या वेळात माझे कान कुकरच्या शिट्टीकडे.

मागच्या वर्षी आई झोपेतच गेली. सोन्यासारखं मरण आलं, म्हणाले सगळे. आलं असेल. पण सकाळी चहाचे दोन कप काढून एक परत ठेवायला लागतो, ते त्यांना कुठे माहीत?

चर्चच्या महिलांच्या ग्रुपवर पाळकसाहेबांनी वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा तक्ता टाकला होता. त्या दिवसाचं वाचून झालं की जोडलेल्या हातांची खूण टाकायची. मी पहिले दोन महिने काही न वाचताच रोज हात जोडले. उगाच कुणी घरी चौकशीला यायला नको. मग एका रविवारी एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एकट्या असून किती नेमाने वाचतात बघा." तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी आईचं बायबल काढलं. समोर तिची खुर्ची. अध्याय उघडून वाचायला लागले आणि ओळ संपल्यावर लक्षात आलं, मी दुसऱ्या वचनापासून सुरुवात केली होती. पहिलं तोंडात आलंच नाही, ते माझं नव्हतंच कधी. दुसरं वाचून झालं आणि मी थांबले, तिसऱ्याची वाट बघत. पन्नाशी उलटलेली बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलीय, हे कुणी पाहिलं असतं तर डॉक्टरकडेच नेलं असतं.

आठ-दहा दिवस असेच गेले. बसायचे नेमाने, पण वाचायचे फक्त माझी वचनं. अर्थ काय लागणार, कपाळ! पण आईचं वचन मी वाचलं, की ती गेली हे माझ्याच तोंडाने कबूल केल्यासारखं होणार होतं. आणि नाही वाचलं तरी ती काही वाचणार नव्हती. इतकं एकटं मला तिच्या अंत्यविधीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

त्या दिवसांतच मला ठिपके दिसले. काही वचनांच्या आकड्यांशेजारी पेन्सिलीचे बारीक ठिपके. दुसरं, आठवं, सोळावं. सगळे आकडे सम, म्हणजे सगळी वचनं माझी. वंशावळ्यांत तर ठिपक्यांची रांगोळीच. माझ्या चुका टिपून ठेवल्यात बाईने, असं वाटून मी चिडले. जिवंतपणी बोलायचं होतं की.

एका सुट्टीच्या दिवशी शेजारच्या काकू वाटीभर सोलकढी घेऊन आल्या. बायबल टेबलावर उघडंच होतं.

"वाचतेस होय? बरं करतेस," काकू म्हणाल्या. "तुझ्या आई दुपारी वाचायच्या ना, मी आमच्या दारात भाजी निवडत ऐकायचे."

"दुपारी? आम्ही तर संध्याकाळी वाचायचो."

"ते वेगळं गं. तू ऑफिसला गेलीस की दुपारच्या परत बसायच्या. मी विचारलं एकदा, रोज दोनदोनदा काय वाचता? तर म्हणाल्या, लेक दमून येते, तिचं राहून जातं. राहिलेलं तेवढं मी वाचून घेते."

वाटी सावकाश दे म्हणून काकू गेल्या. मी तिथेच बसून रडले. तिने मला एकदा तरी रागावायला हवं होतं.

साडेसातला बसले. पहिलं वचन वाचलं. मग दुसरं, मग तिसरं. आईसारखं सावकाश वाचायचा प्रयत्न केला. आवाज माझाच राहिला, पण नाव एकही गिळलं नाही. एकविसाव्या वचनाला मध्येच अडले आणि अर्धं वचन आतच राहिलं. ते आईच्या वाटणीचं होतं. थोडं पाणी प्यायले, पुढची वचनं वाचून अध्याय संपवला आणि एकटीनेच आमेन म्हटलं. ग्रुपवर त्या दिवशी हात जोडले नाहीत.

मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि एकविसाच्या आकड्याशेजारी एक ठिपका दिला. विषम आकड्याशेजारचा तो पहिलाच. माझं राहिलेलं आता दुपारी कोणी वाचणार नाही. उद्या मलाच वाचायला हवं.