सत्ताविसावा किलोमीटर, उमेळे

आशालता भोईरला एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवावं लागेल. जेवता जेवता ती दोरीवरचे कपडे काढायला उठते, कपड्यांच्या घड्या घालताना फोन लावते आणि फोन कानाला असतानाच बाहेरचा जिना झाडून घेते. चंदनसारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अर्धा प्यालेला चहा कुठेही सापडतो, अगदी वॉशिंग मशीनवरसुद्धा. "आमच्या हिने पूर्ण कप म्हणून कधी संपवला नाही," असं नवरा, हरेश, चारचौघांत सांगतो. लोक हसतात. तीही हसते आणि आतून जळते.

कारण अर्धवट राहिलेल्या गोष्टींची तिची यादी चहापाशी थांबत नाही. बारावीच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा आईनेच तिचं कॉलेजातून नाव काढलं. शिवणक्लास सुटला तो मुलीच्या, खुशीच्या वेळी. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला, पुस्तकं आली, आणि नेमकं परीक्षेच्या आठवड्यात सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हेच तर दुखणं. खोटं असतं तर निदान स्वतःला मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या.

अशी ही बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी मॅरेथॉन धावायला निघाली. अर्धी नाही, पूर्ण बेचाळीस किलोमीटरची. अर्धी असते हे कळल्यावर तर तिने मुद्दाम पूर्णच पकडली. हरेश म्हणाला, "अगं, अर्धीच घे, तुला सवय आहे." त्या दिवशी त्याला डबा मिळाला नाही.

माणिकपूरच्या एका शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या क्लेमेंटीन टीचर दर रविवारी वालीवला बायकांना धावायला शिकवत. कारखाने बंद, टेम्पो नाहीत, रस्ता रिकामा. आशालता वालीवच्याच एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणं तपासते. आठवडाभर तिथे आठ आठ तास उभं राहायचं आणि रविवारी त्याच गेटसमोरून पळत जायचं, यात तिला भलतीच मजा वाटे. सात महिने गेले. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं, दोनदा कुत्री मागे लागली, पण एकही रविवार चुकला नाही. चुकत नाही म्हणून तिला उलट धास्तीच वाटू लागली. आता कुणाचं ऑपरेशन निघणार, याच विचाराने ती रात्री कूस बदलत राही.

शर्यतीची वेळमर्यादा सहा तासांची होती. पहाटे पाचला विरारहून सुटायचं, वाड्यांमधून वसई गाव, माणिकपूर, पुढे उमेळे आणि परत विरार. अकराच्या आत पोचलं तर पदक, एक मिनिट उशीर झाला तरी काही नाही. टीचरांनी हिशोब मांडून दिला. तिच्या चालीने पावणेसहा तास लागणार, म्हणजे हाताशी पंधरा मिनिटं. "दमलीस तर चाल, पण थांबायचं नाही. थांबलीस की पाय ऐकत नाहीत," टीचरांनी बजावलं.

टीचरांनी ऊन धरलं होतं, चढ धरला होता, लघवीला लागणारी मिनिटंसुद्धा धरली होती. नातेवाईक धरले नव्हते. आणि इथेच आशालतेने तो घोळ घातला, जो इथल्याच बाईला घालता येतो. शर्यतीच्या दोन दिवस आधी तिने उत्साहाच्या भरात सासर-माहेरच्या दोन्ही ग्रुपवर रस्त्याचा नकाशा टाकला. कुठून किती वाजता जाणार, तेही मिनिटांसकट लिहिलं. खाली हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. एकानेही "थांबवणार नाही" असं लिहिलं नव्हतं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

बोळींजला हरेशची मावशी नारळ सोलून उभी. "घरावरनं जातंय न पानी नाय पीत?" म्हणाली. आता नात्यातल्या माणसाच्या दारावरून पाणी न घेता गेलेली बाई पुढच्या तीन लग्नांत चघळली जाते. आशालता थांबली. निर्मळला चुलत जाऊबाईंनी खुर्ची मांडलेली, बसली नाही तरी उभ्याने केळं खावंच लागलं. वसई गावात नणंदेने नातवाला तिच्या कडेवर दिलं आणि फोटो काढायला घेतला. पोराने डोळे मिटले म्हणून दुसरा काढला. नाही म्हणायची जीभ त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. प्रत्येकाकडून निघाल्यावर पुढचा किलोमीटर ती भलत्याच वेगाने तोडी. मग धाप लागे, वेग पडे, मिळवलेलं तिथेच जाई.

माणिकपूरला क्लेमेंटीन टीचर रिक्षा स्टँडजवळ घड्याळ घेऊन उभ्या होत्या. तिला बघताच ओरडल्या, "आशालता, तू शर्यतीला निघालीस की आमंत्रणं वाटायला? तेरा मिनिटं घालवलीस! दोन उरलीत, दोन!"

दोन मिनिटं. आणि पुढे उमेळे, तिचं माहेर.

तिथे आई असणार हे तिला ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, गुडघे गेलेले, पण लेक धावणार म्हटल्यावर घरात बसायची नाही. आशालता पळत होती आणि मनातल्या मनात भांडत होती. मावशीसाठी थांबलीस, नणंदेसाठी थांबलीस, आणि जन्म दिला तिच्यासाठी नाही? पण आईसाठी थांबायचं म्हणजे एक मिनिट नाही. आधी कुंकू, मग ओवाळणं, मग डोळ्यांना पदर, मग शेजारणी. मग घरी परत आणि परत अर्धंच. तिला आईचा राग आला, आणि असा राग आल्याबद्दल स्वतःची लाजही वाटली.

वळणावर आई दिसली. हातात ताट, ताटात निरांजन, वाऱ्याने विझू नये म्हणून धरलेला पदराचा आडोसा. शेजारी भाऊ, श्रीपत. आशालतेचे पाय आपसूक मंदावले. आईने मान वर केली. दोघींची नजर भिडली आणि आशालतेने ती सोडवून घेतली. "आई, येते गं!" एवढंच तिच्या तोंडून आलं आणि ती पुढे निघून गेली. मागून हाक आली नाही. हाक आली असती तर बरं झालं असतं.

उरलेले पंधरा किलोमीटर तिने कसे काढले ते तिलाच माहीत. पोटऱ्यांत गोळे आले, तोंड घामाच्या मिठाने पांढरं झालं. पण पायांपेक्षा जास्त ते ताट टोचत होतं. दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिलेली आई, तिच्यासमोरून आपण पाहुण्यासारखे निघून गेलो. पदक मिळालं तरी ते घालून उमेळ्यात तोंड कसं दाखवायचं? तिसाव्या किलोमीटरला रडू आलं, पस्तिसाव्याला रडायचीही ताकद राहिली नाही. ती चालली, पळाली, पुन्हा चालली. थांबली मात्र नाही.

विरारच्या कमानीखालून ती गेली तेव्हा घड्याळात पाच तास अठ्ठावन्न मिनिटं होती. कुणीतरी गळ्यात पदक घातलं. हरेश आणि खुशी गर्दीतून धावत आले. खुशी ओरडत होती, "मम्मी, फुल्ल! फुल्ल झाली!" हरेश काहीतरी चेष्टा करायला गेला, मग त्याने नुसता तिचा खांदा धरला.

तिने आधी फोन मागितला. श्रीपतने उचलला.

"दादा, आई रागावलीय का रे? जेवली का?"

"नाय जेवली. तू पोचल्याचं कललं नाय, तवर जेवनार नाय बोलली. पोचलीस का?"

"पोचले. वेळेत. पूर्ण."

पलीकडे श्रीपतने ते आईला ओरडून सांगितलं. मग फोन आईच्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली.

"आई, मी थांबले नाही गं तुझ्यासाठी," आशालता म्हणाली.

"थांबनार व्हतीस तू," आई म्हणाली. "पाय मंद पडले तुझे, मी पायलं. श्रीपतला मी सकालपासून सांगून ठेवलं व्हतं, ही थांबली त माज्याकडं बगू नको, पाठीत हात घाल न ढकल तिला."